नंबर साहेबांचा

ओटीपी आला तेव्हा मी पोळ्या लाटून राह्यली होती.

हॉलमधून सरांनी हाक मारली. पीठ लागलेले हात घेऊन मी गेली. आत नाही, दारात. सोफ्यावर सर, त्यांच्या बाजूले हैदराबादवरून आलेले पाहुणे, आणि खाली सतरंजीवर लॅपटॉप घेऊन बसलेली सरांची पोरगी ऋचा. लॅपटॉपवर माझं नाव होतं. माझा हॉल तिकीट नंबर होता. इंजिनिअरिंगच्या कौन्सेलिंगचं पान उघडं होतं. कोणतं कॉलेज आधी, कोणती ब्रँच आधी, काय खाली, हे ज्या पानावर भरायचं असते ते पान. भरायचा तो शेवटचा दिवस होता.

पाहुण्यानं मले वरून खालपर्यंत पाहिलं.

"हीच का?"

"हीच," सर म्हणाले. "आमच्या सालदाराची. रँक बघा तिची. आमच्या ऋचाच्या वर आहे."

"कॅटेगरी असेल."

"मग काय तर."

दोघं हसले. मोठ्यानं नाही, चहाचा घोट घेता घेता हसतात तसं. ऋचाही हसली. आता रँक म्हणजे रँक असते. पेपर सगळ्याले एकच, मार्क सगळ्याले एकाच मापानं. कॅटेगरी येते ती सीट वाटताना. पेपर तपासणाऱ्या मशीनले मी नाल्यापलीकडची आहे का अलीकडची, काही माहीत नव्हतं. हे मले तेव्हाही समजत होतं. पण तोंड उघडलं नाही. दोन वर्षांत ती सवयच लागली होती.

मंग सर फोनमध्ये पाहून आकडे वाचत गेले. ऋचा टाइप करत गेली. माझ्या नावाचा ओटीपी, सरांच्या फोनवर. मी मान लांब करून स्क्रीन पाहाले लागली. दारातून काही वाचता येत नव्हतं.

"सर, पहिलं ऑप्शन विद्यापीठाचं टाकलं ना?"

"आम्ही बघतो. पोळी करपतेय."

खरंच करपून राह्यली होती. मी पळत गेली, पोळी उलटली, पळत परत आली. तेवढ्यात ऋचानं बटण दाबलं होतं. फ्रीझ. आता त्यात बदल होत नाही, असं तिनं मले सांगतलं. मी मान हलवली आणि राहिलेल्या पोळ्या लाटाले गेली.

मी बेल्याकडच्या एका गावची. पैनगंगेच्या पलीकडं महाराष्ट्र, अलीकडं तेलंगणात आमी. घरात मराठी, दहावीपर्यंत शाळा मराठी, तहसीलीत गेलं की दरखास्त तेलुगूत. आमची वस्ती गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडं. गावातली काळी जमीन सरांच्या घरची, त्यांच्या आजोबापासूनची. सर सोता आदिलाबादले डिग्री कॉलेजात शिकवतात, राहाते तिथंच. बाबा त्यांच्या शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराचा गडी. वस्ती त्यांले साहेब म्हणते. मले मात्र काकूंनी, सरांच्या बायकोनं, बजावून ठेवलं होतं की सर म्हणायचं. साहेब म्हटलेलं पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

आमच्या वस्तीत एक रीत आहे. आधार असो, रेशन असो, पोराचा शाळेतला दाखला असो, मोबाइल नंबराच्या जागी साहेबांचा नंबर. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आमीच द्यायचो. बाबाजवळ एक डबा फोन होता, पण रिचार्ज संपला की बंद, आणि मेसेज आला तर वाचन कोण. साहेबांचा फोन कधी बंद नसते. बाबाले तो नंबर तोंडपाठ होता, सोताचा नव्हता. माझं नाव शाळेत टाकलं तेव्हा तो मोठ्या ऐटीत गुरुजीले म्हणाला होता, "साहेबाचाच लिवा जी." साहेबाचा नंबर पोरीच्या कागदावर हाय, म्हणजे पोरगी वाऱ्यावर नाही, असं त्याले वाटे.

दहावीले मी मंडलात, म्हणजे तालुक्यात, पहिली आली. साहेब सोता आले, गाडी नाल्याच्या अलीकडं उभी करून. बाबाले बोलावून घेतलं. "पोरगी हुशार आहे. आमच्याकडे राहील, इंटर करेल." इंटर म्हणजे अकरावी-बारावी. बाबा तिथल्या तिथं पाया पडला. मायनं माझे दोन ड्रेस पिशवीत भरले. मलेही आनंदच झाला होता, खोटं काऊन सांगू.

मंग सकाळी झाडू, पोछा, डबे. मंग कॉलेज. मंग आल्यावर कपडे, कणीक, काकूचे गुडघे चोळणं. अभ्यास त्याच्या फटीतून. मारलं कोणी नाही. उपाशी ठेवलं नाही. काकू म्हण, असं काकूनंच सांगतलं होतं. पण माझं ताट वेगळं होतं. वेगळं आहे असं कोणी कधी म्हटलं नाही. ताटाच्या बुडाले नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, घासल्यावर दुसऱ्यांत मिसळू नये म्हणून. भांडी घासायची मी. म्हणजे तो ठिपका रोज पाहायची मी, आणि आपलं ताट आपल्या हातानं बाजूले ठेवायची तेही मी. घासताना ठिपक्यावरून घासणी जरा हळूच फिरवायची, तो निघाला तर काकू रागावतीन म्हणून. आता आठवलं की अंगाची आग होते.

कॉलेजात गणिताच्या एक तेलुगू मॅडम होत्या. रँक आली तसं त्यांनी मले स्टाफरूममध्ये बोलावलं. "रा अम्मा, कूर्चो." ये बाई, बस. बस म्हणताना त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. मी उभीच राहिली, तर हाताले धरून बसवलं. इतके दिवस आदिलाबादेत राहून मी खुर्चीवर कोणाच्या बाजूले बसली ती तेव्हा पहिल्यांदा.

त्यांनी मले कम्प्युटरचे प्रकार समजावून सांगतले. हैदराबादच्या विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये साधं कम्प्युटर सायन्स, म्हणजे सीएसई, आहे, एआयचं आहे, डेटा सायन्सचं आहे, आयटी आहे. नावाले भुलू नको, म्हणाल्या. आमच्याशी त्या हिंदीतच बोलायच्या. "पहले सादा सीएसई. जड़ पक्की होगी तो बाकी सब बाद में सीख लेगी." आणि प्रायव्हेटपेक्षा विद्यापीठ काऊन, तर हॉस्टेल आवारातच, लायब्ररी आवारातच, कोणाच्या घरी राहायची गरज नाही. मागच्या वर्षीचं सगळं काढून पाहिलं. माझ्या रँकले कॅम्पसमधलं साधं सीएसई बसत होतं. मॅडमनं दोनदा पाहिलं. "आता है, मिल जाएगा," म्हणाल्या.

तो क्रम मी पाढ्यासारखा पाठ केला. कॅम्पसचं साधं सीएसई. मंग एआय. मंग डेटा सायन्स. मंग आयटी. कॅम्पस नाहीच मिळालं तर विद्यापीठाचंच दुसऱ्या जिल्ह्यातलं लहान कॉलेज, तिथंही सीएसईच. पोछा मारताना म्हणायची, कपडे पिळताना म्हणायची. सरांनाही म्हणून दाखवला. सर पेपर वाचत होते. "पाहू," म्हणाले. मी त्या पाहूले होकार समजून बसली.

पाहुणे जेवून गेले. काकू स्वयंपाकघरात आल्या, खुशीत होत्या.

"बरं झालं गं, तुमचं दोघींचं जमलं. ऋचाला सकाळी उपमा लागतो, लक्षात ठेव. आणि भाजी फार तिखट नको."

मले काही समजेना. ऋचा फ्रिजमधून पाणी घेत होती. मी तिलेच विचारलं. तिनं सांगतलं, अगदी सहज. तिच्या मनात काही पाप नव्हतं, हेच तर डोकं फिरवते.

"अगं, मी प्रायव्हेटला मॅनेजमेंट कोट्यात घेतेय. पप्पांनी हैदराबादला फ्लॅट बघितलाय. तुझे ऑप्शन्स फ्लॅटच्या हिशोबानं लावलेत. सगळ्यात जवळचं कॉलेज पहिलं."

"ब्रँच कोणती?"

"काहीतरी कम्प्युटरचंच आहे."

"आणि विद्यापीठ?"

"ते नाही टाकलं. ते लांब पडतं."

"कोठून लांब?"

"फ्लॅटपासून."

मी ओट्याले धरून उभी राहिली. माझं शिक्षण त्यांनी स्वयंपाकघरापासून मोजलं होतं. रँक नाही पाहिली, ब्रँच नाही पाहिली. उपमा करून पोरगी किती वेळात वर्गात पोचन आणि संध्याकाळी किती वेळात कणीक भिजवाले परत येईन, ते पाहिलं. आणि कोटा तर ऋचाचाही होता. त्या कोट्यावर चहा पिता पिता कोणी हसलं नाही.

सर झोपून उठले. मी चहा नेला. कप ठेवला, आणि गेली नाही.

"सर, मले विद्यापीठाचं साधं सीएसई लागत होतं."

"मले नाही, मला म्हण. इतकी वर्षं शिकतेस." सरांनी घोट घेतला. "कम्प्युटर काय, सगळीकडे सारखाच असतो. कॅम्पसमध्ये जाऊन काय करणार? मोर्चे? फ्लॅटवर राहणं आलं, खाणं आलं, घरातलं वातावरण आलं. ऋचाचं बघशील, तुझंही होईल. दुसरा कोणी एवढं करतो का?"

"पण सर, माझी रँक..."

"रँक कोणाच्या घरी राहून आली?"

त्याचं उत्तर मले आता सुचते. तेव्हा कप उचलून मी मोरीत गेली.

सकाळी काकूले मायच्या तब्येतीचं खोटं सांगून मी गावाकडची बस धरली. बाबा साहेबांच्या कपाशीत डवरा हाकत होता. कपाशी घोट्याएवढी झाली होती. मी बांधावरूनच सगळं सांगतलं. कॅम्पस काय, सीएसई काय, त्याले कितपत समजलं देव जाणे. शेवटी म्हटलं, "बाबा, तठी मी शिकाले नाही, पोळ्या लाटाले चालली."

बाबानं बैल थांबवले.

"आदिलाबादेतबी लाटतच होती ना माय."

तो मले टोमणा मारून राह्यला नव्हता. त्याले खरंच समजत नव्हतं की त्यात नवीन काय. मी त्याच्याकडे पाहत राहिली. त्याचा शर्ट साहेबांचा जुना. पायातली चप्पल साहेबांची जुनी. त्यानं नजर खाली घातली आणि म्हणाला, "साहेबाचं मन मोडू नको. सालाचं कसं होईन मंग?"

मायनं घरी जेवाले वाढलं. "दोन वर्ष सोसलं, अजून चार सोस. मंग डिग्री तुह्या हातात." मी म्हटलं, डिग्री कोणती ते तरी विचार. ती म्हणाली, "मले काय समजते त्यातलं." आणि पदरानं डोळे पुसले. तिच्यावर चिडावं का तिच्या गळ्यात पडावं, समजत नव्हतं. दोन्ही केलं नाही.

किराणा दुकानदाराच्या फोनवरून मी हेल्पलाइनले फोन लावला. पलीकडच्या माणसानं हॉल तिकीट नंबर विचारला आणि सांगतलं, ऑप्शन्स फ्रीझ आहेत, आता अलॉटमेंटची वाट पाहा. मी विचारलं, मी नाही भरले, दुसऱ्यानं भरले तर? तो म्हणाला, ओटीपी तुमच्याच नंबरवर गेला आहे. फोन ठेवला त्यानं. मी नाल्याच्या काठावर जाऊन बसली. मरून जावं असं वाटलं. खरं सांगते, नाटक नाही. मेहनत माझी, मार्क माझे, आणि मी कोणीच नाही. त्या काठावर किती वेळ बसली मले आठवत नाही, माय हाका मारत आली तेव्हा उठली. दुसऱ्या दिवशी गेली परत आदिलाबादले. जाणार तरी कोठी, माझे सगळे ओरिजिनल कागद त्यांच्या कपाटात होते.

अलॉटमेंट आलं तेही सरांच्याच फोनवर. पहिलं ऑप्शनच लागलं होतं, फ्लॅटच्या सगळ्यात जवळचं. न लागाले काय झालं, माझ्या रँकले ते दहा वेळा लागलं असतं. सरांनी पेढे आणले. माझा फोटो काढला, पेढ्याचा पुडा हातात देऊन, आणि फोनवर टाकला. आमच्या घरी राहून शिकली, असं त्याच्या खाली लिहिलं. शेजारच्या बायका येऊन काकूचं कौतुक करून गेल्या. मी त्यांले पाणी दिलं.

आता कॉलेज मंजूर आहे म्हणून ऑनलाइन रिपोर्ट करायचं राहिलं होतं. त्यालेही ओटीपी, आणि मंग कॉलेजात जाऊन सही माझीच लागत होती. ऋचा बाहेर गेली होती, म्हणून सरांनी लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. सतरंजीवर मी बसली. एवढ्या सगळ्यात ते पान माझ्या हाताखाली पहिल्यांदा आलं. माझं नाव, बापाचं नाव, मंजूर झालेलं कॉलेज. खाली ओटीपीची रिकामी चौकट.

सर आकडे वाचाले लागले. वाचून झाले.

"टाक."

मी टाकले नाही.

"अगं, टाक ना. वेळ संपतो त्याचा."

"नाही टाकत."

माझा आवाज मलेच ओळखू आला नाही. सरांले वाटलं आकडा समजला नाही, त्यांनी पुन्हा वाचला. मी हात मांडीखाली घेऊन बसली. मले भीती वाटत होती की हात आपल्याच मनानं टाइप करतील, त्यांले ऐकायची सवय होती.

"मले ही सीट नाही पायजे. मी दुसऱ्या फेरीत भरते. माझं मी भरते."

सरांनी फोन सोफ्यावर पालथा ठेवला. मंग हळू आवाजात म्हणाले, "तुला नाही म्हणायला कोणी शिकवलं?"

शेतातल्या मुनशीले फोन गेला. दुपारी बाबा आला, बसनं, कामाच्याच कपड्यांवर. पायऱ्यांखाली उभा राहिला. त्या घरात तो कधी पायरी चढला नव्हता. सर सोफ्यावर, मी सतरंजीवर, काकू पडद्याजवळ.

"तुझ्या पोरीला सांग," सर म्हणाले. "पहिल्या फेरीची सीट सोडतेय. पुढे काहीच मिळालं नाही तर आमच्या नावानं रडायचं नाही."

बाबानं माझ्याकडे पाहिलं. आधी रागानं पाहिलं. मंग त्याचं तोंड पडलं.

"टाक ना माय. तुह्यासमोर हात जोडतो."

आणि त्यानं जोडले. साहेबासमोर त्यानं हात जोडलेले मी जन्मापासून पाहिले होते, त्याचं काही वाटत नसे. आता ते हात माझ्यासमोर होते. माझा बाप माझ्यासमोर हात जोडून उभा, आणि सर सोफ्यावर रेलून पाहत होते, आता ही ऐकन म्हणून. त्यांले माहीत होतं कोणाले आणून उभं केलं की मी मोडन. रडू नाही आलं. ज्या माणसानं माझ्या बापाले माझ्यासमोर एवढं लहान केलं त्याच्या घरात मी एक घासही आता गिळू शकत नव्हती.

"बाबा, हात खाली कर."

तो करेना. मी पायऱ्या उतरली, त्याचे दोन्ही हात धरले आणि खाली केले. मंग वळून म्हटलं, "सर, माझे कागद द्या."

"कागद ने. पण हे दार बंद. आणि याचं सालही."

"द्या कागद."

काकूनं कपाटातून फाइल आणली. फाइलसोबत माझं ताटही आणलं. "हेही घेऊन जा बाई. आता कोण वापरणार ते?" मी फाइल घेतली. ताट उलटं केलं, ठिपक्यावर नख घासलं. निघाला. असा कसा लगेच निघाला, त्याचाच मले संताप आला. दोन वर्ष मी त्याले जपत होती. ताट पायरीवर ठेवलं आणि बाबाले धरून बाहेर पडली. रस्त्यात बाबा एकच वाक्य बोलला. "आता माह्यासंग बोलू नको."

मॅडम मले पॉलिटेक्निकमधल्या हेल्पलाइन सेंटरवर घेऊन गेल्या. नंबर बदलायचा म्हणजे दरखास्त, हॉल तिकीट, आधार. खिडकीतल्या बाईनं कम्प्युटरवर माझं नाव काढलं.

"नंबर एवरिदी अम्मा?" हा नंबर कोणाचा?

मी सरांचं नाव सांगतलं.

"रिलेशन?"

मी उभी. मागं रांग. काय सांगू? मालक म्हणू? बापाचा मालक? काका? गुरू? त्यांनी कौन्सेलिंगच्या पानावर सोताले माझे पालक लिहिलं होतं. बाई तेलुगूत पुन्हा म्हणाली, नातं काय तुझं त्यांच्याशी?

"काहीच नाही," मी म्हटलं.

बोलली आणि मलेच ऐकू आलं. काहीच नाही. पहिलीच्या दाखल्यापासून बारावीपर्यंत ज्याचा नंबर माझ्या नावापुढं होता, तो माझा कोणी नव्हता. आणि त्याच्या हातात माझं सगळं होतं.

मॅडम म्हणाल्या, माझा नंबर टाक. त्या भल्या होत्या, आजही आहेत. पण मी नको म्हटलं. त्यांले थोडं लागलं असन. स्टँडसमोरच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवून मी माझ्या नावानं सिम घेतलं, मायजवळून बाबाचा डबा फोन मागून आणला आणि त्यात ते घातलं. तो नंबर घेऊन मी परत त्याच खिडकीत उभी राहिली.

दुसऱ्या फेरीत ऑप्शन्स मी भरले. मॅडमच्या स्टाफरूममध्ये, खुर्चीवर बसून. कॅम्पसचं साधं सीएसई, एआय, डेटा सायन्स, आयटी, मंग विद्यापीठाचं लहान कॉलेज. तिथं थांबली. मॅडम म्हणाल्या, खाली दोन प्रायव्हेट टाक, काहीच नाही लागलं तर वर्ष जाईन, तुझ्या घरची हालत पाहा. खरंच होतं ते. बाबाचं साल सुटलं होतं. मी नाही टाकलं. ओटीपी माझ्या हातात वाजला. मी वाचला, मी टाकला, मी फ्रीझ केलं.

कॅम्पसची सीट गेली होती. पहिल्या फेरीतच गेली, माझ्या खालच्या रँकच्या कोणीतरी घेतली. त्याची काही चूक नाही. मले लहान कॉलेज लागलं, विद्यापीठाचंच, सीएसईच, पण गावापासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. लॅबमधले अर्धे कम्प्युटर बंद. शिकवणारे कमी. लोक म्हणतात, शेवटी मिळालं ना, गोड मानून घे. मी नाही मानत. माझी हैदराबादची जागा माझ्याकडून पोळी करपायच्या वेळात काढून घेतली, आणि ती परत कोणी देणार नाही. वर्गात इंग्रजी डोक्यावरून जाते. प्रोग्राम चालत नाही तेव्हा वाटते, सर म्हणत होते तेच खरं का काय. असं वाटलं की माझीच मले चीड येते. बाबा आता आदिलाबादच्या जिनिंगमध्ये रुई ओढाले जाते, रोज काम मिळते असं नाही. खोकते. माझ्याशी बोलत नाही अजून. मायचा फोन येते, ती बोलते, मागं त्याचा खोकला ऐकू येते.

दिवाळीले घरी गेली तर चुलत बहीण दहावीचा फॉर्म भरून राह्यली होती. हुशार आहे, माझ्याहून जास्त. मी फॉर्म पाहिला. मोबाइल नंबराच्या जागी तोच नंबर. मी तो फॉर्म तिच्या हातातून घेतला. तिची माय म्हणाली, "राहू दे ना, साहेबाचा हाय, चांगला असते." मी विचारलं, तुह्या पोरीचं आणि साहेबाचं नातं काय?

दुसऱ्या दिवशी मंडलाच्या आधार सेंटरवर मी बहिणीले नेलं, आणि तिच्यासोबत वस्तीतल्या अजून तिघी आल्या. मंग बाया यायले लागल्या. काही आल्या नाहीत, काहींच्या नवऱ्यांनी शिव्या दिल्या, साहेबाच्या मुनशीनं येऊन दम दिला की आता वस्तीत कोणाले काम नाही. संध्याकाळी माझ्या डबा फोनवर सरांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी कोठून काढला माहीत नाही.

"लोकांना भडकवतेस?"

"नाही. नंबर बदलून राह्यली."

त्यांनी फोन ठेवला. मी दर सुटीत जाईन. कोणी चिडो, बाप बोलू नको म्हणो, साल जावो, जिनिंगमध्ये रुई ओढावी लागो. नाल्यापलीकडच्या घराघरात जाऊन मी एकेक कागद काढीन आणि एकेक नंबर बदलीन. त्या माणसाच्या फोनवर माझ्या वस्तीतल्या एकाही पोरीचा ओटीपी मी पुन्हा वाजू देणार नाही.